असारचा बत्तिसावा दिवस

वैशाख १, शनिवार. सकाळी सहा.

नवं वर्ष, नवी वही. ही वही फक्त माझ्यासाठी. इथे स्वतःशी शंभर टक्के प्रामाणिक राहणे.

यंदाचे संकल्प. रोज पाचला उठणे (आज सहा झाले, पण सुट्टी आहे). फोरमवर कुणीही प्रश्न विचारला तर चोवीस तासांत उत्तर. आठवड्यातले पाच तास समाजाला. समाज म्हणजे आमचे वर्डप्रेसवाले. त्यांनी आपल्याला वेबसाइट बनवायचं साधन फुकट दिलं, आपणही काहीतरी फुकट परत द्यावं, हे मी ऑफिसात सगळ्यांना सांगत असतो. बाकीचे ऐकतात. मी मात्र करून दाखवलं.

मितिमाला. माझं प्लगिन, म्हणजे वेबसाइटला जोडायचा छोटा प्रोग्राम. वेबसाइटवर इंग्रजी तारीख टाकली की ते आपली नेपाळी, विक्रम संवताची मिती दाखवतं. आज सहा हजार साइट्सवर आहे. शाळा, गावपालिका, रेडिओ स्टेशनं, पोखऱ्याचा एक मोमोवाला. रंजिता विचारते, मोमोवाल्याला मिती कशाला लागते. बायकोला आपल्या कामाचा आवाका कळत नाही, हे सगळ्याच मोठ्या माणसांच्या बाबतीत झालेलं आहे.

सकाळपासून फोरमवर तीन तक्रारी. नव्या वर्षाची मितीच दिसत नाही. बरोबर आहे, मी यंदाचे आकडे भरलेच नव्हते. आपले महिने कधी एकोणतीस दिवसांचे, कधी बत्तीस दिवसांचे, आणि दर वर्षी वेगळे. त्याला सूत्र नाही. छापील कॅलेंडर बघायचं आणि बारा महिन्यांचे बारा आकडे हातानं भरायचे.

कॅलेंडर स्वयंपाकघरात आहे. तिथे आई आणि रंजिता बारा जणांचा स्वयंपाक करतायत. आत गेलो तर लसूण सोलायला बसवतील. म्हणून गेल्या वर्षीचे बारा आकडे तसेच खाली उतरवले आणि नवं व्हर्जन सोडलं. सहा मिनिटांत काम. तिघांनीही धन्यवाद दिले.

या आठवड्यात कॅलेंडरशी ताडून बघणे.

वैशाख ५, बुधवार.

उठलो सव्वासातला. ऑफिसात ऑस्ट्रेलियातल्या एका दातांच्या डॉक्टरची साइट. त्याला हिरवा रंग हवा, पण फार हिरवा नको. दिवसभर हिरवा.

ताडून बघायचं राहिलं. शनिवारी नक्की.

वैशाख २०, गुरुवार.

फार मोठी बातमी. ललितपूरच्या वार्षिक मेळाव्यात मला भाषण. साउन १२, शनिवार. चाळीस मिनिटं. तीनशे लोक येतात, विराटनगर, बुटवलपासून.

विश्वंभरचा फोन आला होता. विश्वंभर रेग्मी, मेळावा तोच भरवतो. त्यानं सरळ सांगितलं की आधी दोघांना विचारलं, एक परदेशी चाललाय आणि दुसऱ्याच्या घरी लग्न आहे. असं प्रामाणिकपणे सांगायला जवळीक लागते. म्हणाला, सुगतदाइ, विषय तुम्हीच निवडा, फक्त विकायला काही आणू नका.

विषय निवडला: ‘विश्वास’. मुक्त सॉफ्टवेअर हे विश्वासावर चालतं. वापरणाऱ्याला आपण दिसत नाही, आपल्याला तो दिसत नाही. लिहितानाच अंगावर काटा आला. रंजिताला वाचून दाखवलं. ती म्हणाली, गॅस सिलिंडरवाल्याला फोन केलास का.

जेठ ९, बुधवार.

फोरमवर एक विचित्र पोस्ट. नाव इंद्रकला राई. रामेछापकडच्या डोंगरात धारेभंज्यांग नावाच्या बाजारात डोळ्यांचा छोटा दवाखाना आहे, तिथे ही नोंदी ठेवते. लिहिते: आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात यंदा असार बत्तीस दिवसांचा आहे. मितिमालेत एकतीस दिवसांचा दिसतो. साउनमध्ये काठमांडूचे डॉक्टर येऊन मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करणार आहेत. वेबसाइटवरूनच सगळ्यांना मेसेज जातो. कृपया बघाल का.

व्हर्जन नंबर दिलेला नाही. स्क्रीनशॉट नाही. ब्राउझर कुठला ते नाही. तक्रार कशी करावी यावर मी स्वतः बाराशे शब्दांचं पान लिहून ठेवलंय, पण वाचतो कोण.

उत्तर दिलं, आमच्याकडे अशी अडचण दिसत नाही. हे खरंच आहे. आज जेठ ९. असारची अडचण जेठमध्ये दिसणार कशी.

चोवीस तासांच्या आत उत्तर. संकल्प पाळला.

जेठ १२, शनिवार.

त्या बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो पाठवला. असारच्या पानावर ३२ भोवती लाल पेनानं गोल. वर व्हर्जन नंबर, ब्राउझर, सगळं. माझं बाराशे शब्दांचं पान वाचलेलं दिसतं. खाली लिहिलंय: मला कोड येत नाही, पण तुमची फाइल उघडून बघितली. दोनशे चौदाव्या ओळीत तिसरा आकडा ३१ आहे. तो ३२ हवा असं वाटतं. चुकत असेन तर माफ करा.

थोडं खटकलं. दोन वर्षांत माझी फाइल कुणी उघडलेली नव्हती.

करणार आहेच. पण एका आकड्यासाठी नवं व्हर्जन सोडायचं म्हणजे चाचणी, बदलांची नोंद, अपलोड, एक तास जातो. आणि भाषणाची तयारी चालू आहे. त्यात विश्वंभरनं वक्त्यांच्या माहितीचं पान मागितलंय. फोरमवरचे किती टक्के प्रश्न सोडवले ते तिथे झळकणार. माझे एकोणनव्वद टक्के. दोन प्रश्न सुटले तर नव्वदच्या वर.

दोन प्रश्नांवर ‘सुटलं’ अशी खूण केली. एक तिचा. सुटणारच आहे, त्यामुळे हे खोटं नाही. फक्त थोडं आधी आहे.

जेठ १३, रविवार.

इंद्रकला राईंचं उत्तर: ‘सुटलं’ बघून जिवाला बरं वाटलं. मी रोज भिंतीवरचं कॅलेंडर धरून हातानं मेसेज लिहिणार होते, आता गरज नाही. तुमचे उपकार.

ही पोस्ट भाषणात दाखवावी का. वापरणाऱ्याची भावना म्हणून. चित्र म्हणून छान दिसेल.

असार १५, शुक्रवार.

दही-चिउरा खाण्याचा दिवस. ऑफिसात सगळ्यांनी आणलं. मी तीन वेळा खाल्लं आणि दुपारी बसल्या जागी झोपलो.

भाषणाच्या बावन्न स्लाइड्स झाल्या. विश्वंभर म्हणतो वीस पुरे. बावन्नपैकी एकही कमी करवत नाही. एकतिसाव्या स्लाइडवर दोन हातांचा फोटो आहे, एकमेकांना धरलेले. त्यातला एक हात माझा आहे. दुसरा आमच्या ऑफिसच्या चौकीदाराचा.

दोनशे चौदावी ओळ राहिलीय. असार संपायला अजून सतरा दिवस आहेत. म्हणजे सोळा. किंवा सतरा.

साउन १, सोमवार.

नवा महिना, नवी उमेद. पाचला उठलो. खरोखर पाचला.

त्याच दिवशी, सकाळी नऊ.

चहाच्या वेळी रंजिताला म्हटलं, साउन लागला, बांगड्या भरायला जायचं ना. ती म्हणाली, उद्या. आज असार बत्तीस. मी म्हटलं, लॅपटॉपवर साउन एक दाखवतोय. तिनं भिंतीकडे बोट केलं. कॅलेंडर तिथेच होतं, वैशाखापासून. मी म्हटलं, छापणारेही चुकतात. ती म्हणाली, आमच्या शाळेच्या फळ्यावर आज असार बत्तीस आहे, बँकेच्या पावतीवर असार बत्तीस आहे, पेपरावर असार बत्तीस आहे. साउन एक फक्त तुझ्याकडे आहे.

मुलगी हसली. आईसुद्धा हसली, तिला तर ऐकू कमी येतं.

म्हणजे आज सहा हजार साइट्सवर एक दिवस आधीच उजाडलाय. आणि आता वर्ष संपेपर्यंत एक दिवस पुढेच राहणार.

वरची मिती खोडणार नाही. प्रामाणिक राहायचं ठरलंय.

साउन १, मंगळवार (खरा).

दोनशे चौदावी ओळ उघडली. ३१ चे ३२ केले. माझ्या लॅपटॉपवर सगळं बरोबर दिसतंय. इंद्रकला राईंनी सांगितलेला तिसराच आकडा होता.

व्हर्जन सोडणार तेवढ्यात एक विचार आला. नुसतं एका आकड्याचं व्हर्जन सोडलं तर लोक विचारणार, आधी काय होतं. त्यापेक्षा मितिमाला ३.० हे मोठं व्हर्जन मेळाव्यात, व्यासपीठावरून, सगळ्यांच्या देखत सोडावं. नवा लोगो तयार आहे. त्यातच हा आकडाही जाईल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. फक्त अकरा दिवसांचा प्रश्न. एक दिवस इकडे-तिकडे झाल्यानं कुणाचं काय अडतं. मोमोवाल्याचं तर नाहीच.

फोरमवर चौदा तक्रारी आल्या. सगळ्यांना एकच उत्तर: लवकरच आनंदाची बातमी.

साउन ४, शुक्रवार.

आरशासमोर भाषणाची तालीम. एक्कावन्न मिनिटं लागली. ‘विश्वास’ हा शब्द सव्वीस वेळा येतो. रंजिता म्हणते, बारा पुरे.

फोरमवर इंद्रकला राई दिसल्या नाहीत. त्यांचा प्रश्न ‘सुटलं’मध्ये आहे, तो पुन्हा कोण उघडणार. त्यांना वेगळं कळवावं का, असं एकदा मनात आलं. पण मग सुटलं असं का लिहिलं, ते सांगावं लागेल.

ढाका टोपी धुवायला टाकली.

साउन ११, शुक्रवार. रात्री.

उद्या भाषण. शर्टाला इस्त्री करत होतो. मेल आला. फोरमवर नाही, थेट मला.

लिहिला आहे तसा उतरवतो.

‘सर, शिबिर काल होतं, साउन १०. आमच्या मेसेजमध्ये साउन ११ गेलं. मी इंग्रजी तारीख बरोबर टाकली होती. काल नऊच जण आले, बाजारात राहणारे. डॉक्टर वाट बघून संध्याकाळी परतले. आज सकाळपासून लोक येतायत. आतापर्यंत त्रेचाळीस. काही काल सकाळी घरून निघालेत. एका म्हाताऱ्या आईंना जावयानं डोकोत, म्हणजे टोपलीत बसवून पाठीवरून आणलं. मी सगळ्यांना चहा दिला आणि माफी मागितली. पुढचं शिबिर मंसिरमध्ये आहे, चार महिन्यांनी. तुम्ही सुटलं लिहिलं होतं, ते बाकीच्या साइट्सवर सुटलं असेल. आमच्याकडे काय राहिलं ते जमलं तर बघाल का. इंद्रकला.’

शर्टाची बाही जळली.

चार वेळा वाचला. शिवी कुठे आहे ते शोधत होतो. नाही.

तेव्हाच, पाच वाजता, व्हर्जन सोडलं. लोगोशिवाय. मेलला काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही. उद्या भाषण झालं की शांतपणे लिहीन. घाईत लिहिलेली माफी खरी वाटत नाही.

रंजितानं विचारलं, जळाल्याचा वास कसला. म्हटलं, इस्त्री.

साउन १२, शनिवार.

भाषण झालं. दुसरा शर्ट.

स्लाइड तेहतीस, नवं व्हर्जन. मी म्हणालो, आणि असारच्या बत्तिसाव्या दिवसाची एक बारीक अडचण आम्ही तत्परतेनं सोडवली. ‘आम्ही’ म्हणालो. ‘तत्परतेनं’ हा शब्द स्लाइडवर नव्हता, तो तोंडातून आपोआप आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी प्रश्न. मागच्या रांगेत एक प्रौढ बाई होत्या, भक्तपूरच्या कॉलेजात शिकवतात. त्यांनी विचारलं, तुमचं प्लगिन वापरणाऱ्याचं त्यामुळे कधी काही नुकसान झालं, तर तुम्हाला ते कळतं का.

मी म्हणालो, लगेच कळतं.

त्या म्हणाल्या, मग असं कधी झालंय का.

मी म्हणालो, सुदैवानं अजून तरी नाही.

पुन्हा टाळ्या. विश्वंभरनं मानाचा रेशमी खादा घातला गळ्यात आणि एक मग दिला. जेवताना चार अनोळखी मुलं येऊन म्हणाली, दाइ, प्रेरणा मिळाली. मी त्यांना म्हटलं, फोरमवर वेळेत उत्तर देत जा.

जेवण गेलं नाही. भाताबरोबर चांगलं बदकाचं मटण होतं.

साउन १३, रविवार.

आज उत्तर लिहायला बसलो. पहिला मसुदा: ‘आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत.’ हे विमानतळावर म्हणतात. दुसरा: ‘तांत्रिक कारणामुळे.’ कारण तांत्रिक नव्हतं. कारण लसूण होतं. तिसरा मसुदा झाला नाही.

काल जे बोललो ते सारखं ऐकू येतंय. माझ्याच आवाजात. माईकवरचा आवाज.

साउन १६, बुधवार.

फाइलमधला परवाना नीट वाचला. आम्ही सगळे तोच चिकटवतो, वाचत कुणी नाही. त्यात स्पष्ट आहे: हे सॉफ्टवेअर जसं आहे तसं दिलेलं आहे, कसलीही हमी नाही, कुठल्याही नुकसानीला लेखक जबाबदार नाही. केवढं हलकं वाटलं. म्हणजे कायद्यानं बघितलं तर काही झालेलंच नाही.

संध्याकाळी रंजिताला सगळं सांगितलं. मेलसुद्धा दाखवला. आणि परवान्याचा तो परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवला.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, चांगलं लिहिलंय. आता हे त्या टोपलीत बसून आलेल्या आईंना वाचून दाखव. त्यांना स्वतःला वाचता येणार नाही, डोळे गेलेत.

मी म्हटलं, मी हे सगळं फुकट करतो.

ती म्हणाली, ते लोक पण फुकटच चालत आले.

मग वह्या तपासायला बसली. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं.

साउन १९, शनिवार.

ठरवलं. धारेभंज्यांगला जायचं. उद्यापासून सुट्टी टाकली. ऑफिसात सांगितलं, समाजकार्य.

माफीचे मुद्दे एका कागदावर काढले. सात झाले. लोक जमतील तर छोटंसं बोलावंही लागेल. विश्वंभरला फोन करून मेळाव्याचे उरलेले टी-शर्ट मागितले. त्यानं का विचारलं. म्हटलं, ग्रामीण भागात प्रसार. तो म्हणाला, दाइ, तुम्ही खरोखर थोर आहात. आठ टी-शर्ट आणि स्टिकरांचा गठ्ठा मिळाला.

साउन २०, रविवार.

बसनं दहा तास. दोनदा दरड, दोनदा उतरून चिखलातून चाललो. माझ्याकडे फक्त एक पिशवी होती, तरी धाप लागली. लोक असे रस्ते आंधळेपणी कसे चालत असतील. बसमध्ये हा विचार आला आणि मग बाकीचा प्रवास दुसरा कुठलाच विचार येईना.

बाजारातल्या लॉजवर उतरलो. मुद्द्यांचा कागद भिजला. तिसरा आणि पाचवा मुद्दा वाचता येत नाही.

साउन २१, सोमवार.

दवाखाना म्हणजे तीन खोल्या. इंद्रकला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. मला वाटलं होतं कुणी चिडकी प्रौढ बाई असेल. चिडायची तयारी करून गेलो होतो, म्हणजे त्यांच्या चिडण्याची. तिनं मला स्टूल दिलं आणि विचारलं, कंपनीकडून आलात का.

मी म्हटलं, कंपनी नाही. मी सुगत ताम्राकार. मितिमाला.

ती उभी राहिली. तुम्ही स्वतः, एवढ्या लांब, असं म्हणून चहा सांगायला गेली. परत आली तर माझ्या हातात टी-शर्ट होता. काय करावं ते सुचलं नाही म्हणून पुढे केला. तिनं घेतला, घडी उलगडून बघितली. छातीवर लिहिलंय, ‘कोड म्हणजे करुणा’. तिनं पुन्हा नीट घडी घातली.

मग मी बोलायला लागलो. सिस्टीममध्ये एक गडबड राहून गेली होती, असं म्हणालो.

तिनं विचारलं, आमच्या सिस्टीममध्ये का.

नाही.

मग कुणाच्या.

हे इतक्या साधेपणानं विचारलं की खोटं बोलायला जागाच राहिली नाही. सांगितलं. आकडा मी न बघता टाकला. तू सांगितलंस तेव्हा बघितला नाही. न बघता सुटलं लिहिलं. साउन एकला दुरुस्त केला आणि मेळाव्यात दाखवायला दहा दिवस दाबून ठेवला. ते दहा दिवस सांगताना आवाज फार बारीक झाला. तिला ‘काय म्हणालात’ असं विचारावं लागलं, आणि मला ते पुन्हा सांगावं लागलं.

तिनं टी-शर्ट बाजूला ठेवला. मग म्हणाली, मी सगळ्यांना सांगितलं की माझी चूक झाली. इनचार्ज सरांनी मेसेजचं काम माझ्याकडून काढून घेतलं. मी म्हटलं, बरोबर आहे, मी भिंतीवर बघायला हवं होतं.

त्यांच्याकडे गेलो आणि चूक माझी आहे असं सांगितलं. इनचार्ज वयस्कर आहेत, जाड चष्मा. म्हणाले, वेबसाइटवाले नेहमी असंच सांगतात, पण मेसेज पाठवणाऱ्यानं बघायला नको का. मी मोबाइलवर फोरमचं ते पान काढून दिलं. त्यांनी चष्मा वर करून, फोन नाकाशी धरून सगळं वाचलं. फोटो, दोनशे चौदावी ओळ, माझी खूण.

विचारलं, हे सुटलं असं तुम्ही लिहिलंत.

हो.

बघून लिहिलंत.

नाही.

फोन परत दिला. दारापाशी जाऊन हाक मारली, इंद्रकला, मेसेजचं काम उद्यापासून परत तुझ्याकडे. आणि आत गेले.

मी म्हटलं, मी काही करू शकतो का. वेबसाइट नवीन करून देऊ का, फुकट. हे मी खरंच विचारलं.

ती म्हणाली, वेबसाइट नको. त्रेचाळीस जणांची यादी आहे. मंसिरची मिती सगळ्यांना कळवायची आहे. मेसेजवर आता कुणी विश्वास ठेवणार नाही. एकदा माफी मी मागितली. आता फोन तुम्ही करा.

साउन २२, मंगळवार.

सकाळी आठपासून दवाखान्याच्या पायरीवर बसलोय, तिथेच रेंज येते. शेजारी इंद्रकला यादी घेऊन. मंसिर १४ ही मिती तिनं एका पुठ्ठ्यावर लिहून माझ्यासमोर टेकवलीय. मी लॅपटॉप उघडत होतो, तिनं नको म्हटलं.

पहिल्या पाच फोनना मुद्द्यांच्या कागदावरून बोललो. पलीकडून विचारायचे, कुठल्या बँकेतून बोलताय. मग कागद ठेवून दिला. नुसतं सांगायला लागलो, शिबिराची मिती चुकीची गेली, ती माझी चूक, माफ करा.

कुणी मानायलाच तयार नाही.

एक आजोबा म्हणाले, नाही नाही, मेसेज बरोबरच असणार, वाचून दाखवणाऱ्या शेजाऱ्यानं घोळ केला. एका बाईंनी सांगितलं, माझ्या मुलालाच महिन्याचा हिशोब कळत नाही. एक जण म्हणाले, आम्ही हळू चालतो, दोष आमच्या पायांचा.

चौदावा फोन सेतीमाया तामांग यांना. टोपलीत बसून आलेल्या आई. वय एकाहत्तर. फोन जावयानं उचलून त्यांच्या कानाला लावला. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, बाबू, तू बोलण्यावरून शिकलेला दिसतोस. तू कसा चुकशील. मलाच दिसत नाही ना, माझ्याच हातून झालं असेल. मी पुन्हा सांगितलं, आमा, तुम्ही नाही चुकलात. मी चुकलो. त्या म्हणाल्या, बरं बरं, मनाला लावून घेऊ नकोस. मग म्हणाल्या, दशैंच्या सणाच्या आत डोळे होतील असं धरलं होतं. टिका लावताना पोरांची तोंडं दिसली असती. मंसिर म्हणजे दशैं होऊन गेली. असू दे. जेवलास का.

मी जेवलो म्हणालो. जेवलो नव्हतो. तिथेही खोटं.

इंद्रकलानं यादीवर खूण केली आणि पुढचा नंबर सांगितला. मला जरा वेळ हवा होता. तिनं दिला नाही. बरोबर केलं.

दुपारी तीनपर्यंत बेचाळीस झाले. बेचाळीस जणांनी मला माफ केलं नाही, कारण माझी चूक आहे हेच कुणाला पटेना. सगळ्यांनी माझं सांत्वन केलं. दोघांनी मका खायला बोलावलं. इतकं लाजिरवाणं मला टाळ्या वाजत असतानासुद्धा वाटलं नव्हतं.

त्रेचाळिसावा, धनबीर खड्का. निवृत्त पोस्टमन. पूर्ण ऐकून घेतलं. इंद्रकलानं आधी कळवलं होतं, तेही त्यांना सांगितलं. मग म्हणाले, म्हणजे तू न बघता लिहिलंस.

हो.

त्या पोरीनं आधी सांगितलं होतं, तरी.

हो.

म्हणाले, मी चाळीस वर्षं टपाल वाटलं. एकदा एका घरचं पत्र दुसऱ्या घरी टाकलं होतं, अजून आठवतं. नाव काय तुझं.

सांगितलं. त्यांनी ते पुन्हा, अक्षर अक्षर विचारून घेतलं. सावकाश लिहीत असावेत.

मी म्हटलं, पुढचं शिबिर मंसिर...

त्यांनी थांबवलं. म्हणाले, ते तू नको सांगू. त्या पोरीकडे फोन दे.

दिला.